नव्या फोनात जुनी मांडणी

दिवाळीच्या आगेमागे कापूस-सोयाबीनचे पैसे हाती पडू लागले, की अमरावतीच्या जयस्तंभ चौकातल्या आणि अकोल्याच्या गांधी रोडवरच्या मोबाईल दुकानांत उभं राहायला जागा मिळत नाही. नवा फोन घेणाऱ्याची पहिली अट ठरलेली असते. जुन्यातलं सारं यात आलं पाहिजे. काउंटरवरचा पोरगा दोन्ही फोन शेजारी ठेवतो, ‘डाटा ट्रान्सफर’ला लावतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. तासाभरात फोटो येतात, नंबर येतात, व्हॉट्सॲपवरच्या गप्पा येतात, ॲपही येतात. आणि तरी दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक परत दुकानात हजर. “सारं आलं भाऊ, पण काहीच सापडून नाई राह्यलं!”

तक्रार अगदी नेमकी आहे. ॲप आली, पण आपापल्या जागेवर आली नाहीत. अंगठ्याच्या टप्प्यात असलेलं फोनपे तिसऱ्या पानावर गेलं, ‘बँक’ नावाचं फोल्डर फुटून त्यातली चार ॲप चार दिशांना गेली, आणि कंपनीनं स्वतःहून भरलेली खरेदीची, खेळांची ॲप पहिल्या पानावर येऊन बसली. दुकानदाराच्या लेखी काम पूर्ण झालेलं असतं. फोन बनवणाऱ्या कंपनीच्या लेखीही. फोन वापरणाऱ्याचे मात्र पुढचे आठ-पंधरा दिवस शोधाशोधीत जातात.

हा प्रश्न क्षुल्लक आहे असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तसं वाटत नाही. फोनातली बाकी सगळी व्यवस्था कंपनीनं ठरवलेली असते. कोणतं ॲप कुठं ठेवायचं, कशाचं फोल्डर करायचं, कोणाला तळाच्या पट्टीत जागा द्यायची, एवढंच काय ते मालकाच्या हातचं. ती मांडणी त्यानं महिनोन्‌महिने वापरून, हलवून, परत हलवून बसवलेली असते. बॅकअप घेणाऱ्या यंत्रणा फोटोच्या प्रत्येक ठिपक्याची काळजी घेतात आणि नेमकी ही गोष्ट वाऱ्यावर सोडतात.

आधी ही मांडणी राहते कुठं ते पाहू, म्हणजे ती का हरवते तेही समजेल. अँड्रॉइड फोनात आपण ज्याला होम स्क्रीन म्हणतो ती काढून दाखवणारा ‘लाँचर’ हा स्वतःच एक ॲप असतो. तो आपल्याजवळ एक छोटी यादी ठेवतो. अमुक ॲपचं चिन्ह अमुक पानावर, इतक्या क्रमांकाच्या उभ्या रकान्यात, इतक्या क्रमांकाच्या आडव्या ओळीत. अमुक फोल्डरचं नाव हे आणि त्यात ही ॲप. बस्स. ही यादी ॲपचं दर्शनी नाव पाहत नाही, त्याचं आतलं नाव पाहते, जे सहसा कधी बदलत नाही. म्हणूनच सप्टेंबर 2017 मध्ये आलेल्या ‘तेज’चं ऑगस्ट 2018 मध्ये ‘गुगल पे’ झालं, रंगरूप बदललं, तरी लोकांच्या फोनात ते होतं त्याच चौकटीत राहिलं. आतलं नाव तेच होतं.

ही सगळी यादी मिळून काही केबी भरते. शाळेच्या अर्जाला जोडायच्या पासपोर्ट फोटोला याहून जास्त जागा लागते. म्हणजे मांडणी जपायला जागा पुरत नाही, किंवा ते तंत्र फार अवघड आहे, यातलं काहीच खरं नाही. अडचण मालकीची आहे. यादी लाँचरची, लाँचर कंपनीचा, आणि एका कंपनीच्या लाँचरला दुसऱ्या कंपनीची यादी वाचण्याची गरज वाटत नाही.

आयफोनचं आधी उरकून टाकतो, कारण तिथं गोष्ट बरीच सरळ आहे. एकच कंपनी, एकच लाँचर. ॲपलचं ॲप स्टोअर जुलै 2008 मध्ये सुरू झालं, फोल्डर 2010 मध्ये आयओएस 4 सोबत आले आणि 2011 मध्ये आयक्लाउड आलं. आयक्लाउड बॅकअपमध्ये काय काय जातं त्याच्या ॲपलनं दिलेल्या यादीत होम स्क्रीन आणि ॲपांची मांडणी हे स्पष्ट लिहिलेलं आहे. परत उभा करताना फोन आधी मांडणी काढतो, प्रत्येक जागेवर फिकट चिन्ह ठेवतो आणि मग एकेक ॲप उतरवून घेत त्या जागा भरत जातो. जुना फोन हाताशी असेल तर बॅकअपचीही गरज नाही. 2019 पासून दोन आयफोन शेजारी ठेवून थेट नक्कल करता येते. एक सोय मात्र ॲपलनं काढून घेतली. पूर्वी संगणकावरच्या आयट्यून्समधून माउसनं चिन्हं हलवून आख्खी मांडणी बसवता येत असे. सप्टेंबर 2017 मध्ये आयट्यून्सच्या 12.7 आवृत्तीतून ॲपांचा कप्पाच काढून टाकला, त्याबरोबर तीही गेली. आता स्वस्तातल्या फोनात जे करावं लागतं तेच लाखाच्या फोनातही: बोटानं चिन्ह दाबून धरायचं आणि पानापानांतून ओढत न्यायचं.

आयक्लाउडची फुकट जागा 5 जीबी. ती फोटोंनीच भरते आणि मग बॅकअप थांबतो. लोकांना हे कळतं फोन पाण्यात पडल्यावर. शिवाय बॅकअप घेणं बंद केलं तर शेवटची प्रत 180 दिवसच ठेवली जाते.

आयफोनवाल्यांसाठी इथल्या हवेचीही एक गोष्ट सांगायला हवी. ॲपलच्या सूचनेप्रमाणे हा फोन 0 ते 35 अंश तापमानात वापरायचा आणि बंद ठेवायचा झाला तरी 45 अंशांच्या वर नेऊ नये. अकोल्याचा मे महिना हे दोन्ही आकडे सहज ओलांडतो. चार्जिंगला लावून तासभर नक्कल चालली की फोन तसाही तापतो. फार तापला की तो चार्जिंग थांबवतो. मे महिन्यात हे काम रात्री कूलरसमोर बसून केलेलं बरं.

आता अँड्रॉइड. अमरावती-अकोल्यात दहा हात पाहिले तर त्यातल्या बहुतेक हातांत हाच असतो, आणि खरा गुंता इथंच आहे.

गुगलनं बॅकअपची पहिली सोय 2010 मध्ये अँड्रॉइड 2.2 सोबत दिली. पण कोणत्या ॲपनं त्यात भाग घ्यायचा हे त्या ॲपवाल्यांवर सोडलं होतं आणि बहुतेकांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या काळात हौशी मंडळी फोन ‘रूट’ करून, म्हणजे कंपनीनं घातलेली कुलपं तोडून, टायटॅनियम बॅकअपसारखी ॲप वापरत आणि लाँचरच्या यादीसकट सारं उचलून ठेवत. फोनची वॉरंटी त्यात जायची, पण मांडणी राहायची. 2015 मध्ये अँड्रॉइड 6 आलं आणि बॅकअप आपोआप होऊ लागला. प्रत्येक ॲपमागे 25 एमबीपर्यंत माहिती गुगल ड्राइव्हवर जाते. लाँचरही ॲपच असल्यामुळे तत्त्वतः त्याचीही यादी यात जाऊ शकते. गुगलच्या पिक्सेल फोनांत ती जाते. नव्या पिक्सेलवर मांडणी बऱ्यापैकी जशीच्या तशी उभी राहते, चौकटींची संख्या वेगळी असेल तर लाँचर चिन्हं सरकवून बसवायचा प्रयत्नही करतो. पण पिक्सेल वऱ्हाडात किती जणांजवळ आहे?

इथं चालतात ते रेडमी, विवो, ओप्पो, रियलमी आणि सॅमसंग. प्रत्येकाचा लाँचर वेगळा, बॅकअपचं दुकान वेगळं. सॅमसंगच्या क्लाउड बॅकअपमध्ये ‘होम स्क्रीन’ असा स्वतंत्र घटक आहे, त्याच्यापुढे खूण करावी लागते. स्मार्ट स्विच या त्यांच्या ॲपनं सॅमसंगवरून सॅमसंगवर जाताना मांडणी, फोल्डर आणि विजेटसुद्धा बऱ्याच अंशी येतात. शाओमीच्या क्लाउडमध्येही होम स्क्रीनची मांडणी ठेवण्याची सोय आहे, म्हणजे रेडमीवरून रेडमीवर आलात तर आशा धरायला हरकत नाही. विवोचं इझीशेअर, ओप्पो-रियलमीचं क्लोन फोन ही ॲप फोटो, नंबर आणि ॲप एकीकडून दुसरीकडे नेण्यात पटाईत आहेत. दुकानातली पोरं बहुतेक वेळा यांतलंच एखादं वापरतात, कारण इंटरनेट न जाळता काम होतं. मांडणीसाठी मात्र त्यांच्यावर विसंबू नये.

कंपनी बदलली की सारंच संपलं. रेडमीवरून सॅमसंग, सॅमसंगवरून विवो, अँड्रॉइडवरून आयफोन, कुठूनही कुठंही जा, मांडणी मागे राहते. आणि आपल्याकडे फोन घेताना कंपनीची निष्ठा कोण पाळतं? मागच्या वेळी ज्यानं स्वस्तात दिला त्याचा घेतला, या वेळी ज्याच्यावर सूट आहे त्याचा. त्यात गैर काही नाही. पण बॅकअप बनवणाऱ्यांनी गृहीत धरलेला ग्राहक जन्मभर एकाच कंपनीचा फोन घेतो, आणि तसा माणूस मला तरी वऱ्हाडात फारसा दिसत नाही.

इथली दुसरी अडचण जीमेलची आहे, आणि ती कंपन्यांच्या कागदांत कुठं सापडत नाही. गुगलचा बॅकअप जुन्या खात्यात असतो. पण दुकानात नवा फोन सुरू करताना खात्याचा पासवर्ड विचारला जातो आणि समोरचे काका म्हणतात, “तो तर पोरानं टाकला होता, मले काय मालूम!” पोरगा पुण्यात, फोन उचलत नाही, मागे रांग लागलेली. मग दुकानदार दोन मिनिटांत नवं जीमेल खातं काढून देतो आणि फोन सुरू होतो. त्या क्षणी जुन्या बॅकअपचं दार बंद झालं. अशी तीन-तीन, चार-चार खाती असलेले लोक अमरावतीच्या कोणत्याही गल्लीत भेटतील, आणि एकाही खात्याचा पासवर्ड त्यांना ठाऊक नसतो.

पासवर्ड आठवला तरी पुढे आणखी एक कुलूप आहे. 2018 च्या अँड्रॉइड 9 पासून बॅकअप जुन्या फोनच्या पिन किंवा पॅटर्ननं बंद केलेला असतो. नव्या फोनवर तो उघडायला जुन्या फोनचाच पिन लागतो. सुरक्षेच्या दृष्टीनं हे योग्यच आहे, गुगललाही आत डोकावता येत नाही. पण जुना फोन चोरीला गेला, मधे दोन महिने लोटले आणि पॅटर्न विस्मरणात गेला की मालकालाही डोकावता येत नाही. तशात फोन 57 दिवस वापरात नसेल तर गुगल तो बॅकअप पुसून टाकतं. मे 2023 पासून संचार साथी पोर्टलवरून हरवलेला फोन बंद करता येतो आणि पोलिसांनी शोधून परत दिलेल्या फोनांच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रांत येत असतात. फोन परत मिळण्यात आनंद आहेच, पण तो सहा-आठ महिन्यांनी मिळाला तर तोवर बॅकअप गेलेला असतो.

आणखी एक बारीक अट: अँड्रॉइडच्या वरच्या आवृत्तीतून घेतलेला बॅकअप खालच्या आवृत्तीच्या फोनवर उतरत नाही. नवा फोन बिघडला म्हणून कपाटातला जुना काढणाऱ्यांना ही अट नडते.

क्लाउडवर सारं ठेवण्याच्या सल्ल्याला आपल्या दोन्ही शहरांनी अनुभवलेली एक मर्यादाही आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये अमरावतीत आणि मे 2023 मध्ये अकोल्यात दंगली झाल्या तेव्हा इंटरनेट बंद केलं गेलं. संचारबंदीत फोन दुरुस्तीला नेता येत नाही हे एकवेळ ठीक. पण घरात दुसरा फोन असून त्यावर आपलं काही उतरवून घेता येत नाही, ही अवस्था त्या दिवसांत अनेकांनी पाहिली. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांना त्यासाठी दंगल लागत नाही, तिथं नेटवर्कच बेभरवशाचं. केबल लावून फोनवरून फोनवर केलेली नक्कल अशा वेळी कामी येते, क्लाउड येत नाही.

समजा, सगळं जुळून आलं: कंपनी तीच, खातं तेच, पिन आठवतो, नेटही आहे. तरी मांडणीत खड्डे राहतात. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारनं 59 चिनी ॲपांवर बंदी घातली. टिकटॉकची चर्चा झाली, पण त्याच यादीत कॅमस्कॅनर, यूसी ब्राउझर, शेअरइट आणि झेंडरही होती. शेअरइट-झेंडर ही तर फोनवरून फोनवर सामान न्यायचीच साधनं, दुकानांतली निम्मी ट्रान्सफर त्यांच्यावर चालायची. जुन्या फोनात आधीपासून असलेली ही ॲप दिसत राहिली, नव्या फोनात ती येईनात, कारण बॅकअप ॲप स्वतः साठवत नाही. तो फक्त नाव लक्षात ठेवतो आणि ॲप प्ले स्टोअरवरून मागवतो. प्ले स्टोअरवर नसलेलं काहीच परत येत नाही. ओळखीच्या माणसानं व्हॉट्सॲपवर पाठवलेलं ॲपही नाही. (ते परत न येणंच चांगलं. अशा फायलींतून खाती रिकामी झाल्याच्या तक्रारी सायबर पोलिसांकडे भरपूर आहेत.)

होम स्क्रीनवर ठेवलेली संकेतस्थळांची चिन्हंही बहुधा गळतात. महाभूलेख उघडून, विभाग अमरावती निवडून, सातबारा पाहण्यासाठी पानाचं चिन्ह बाहेर काढून ठेवणारे शेतकरी मी पाहिले आहेत. व्यापाऱ्यांचं दुसरं व्हॉट्सॲप, म्हणजे ‘ड्युअल ॲप’वालं, तेही साधारणपणे मागेच राहतं. आणि फोनपे, गुगल पे, भीम ही पैशांची ॲप जागेवर आली तरी रिकामीच येतात. सिमवरून संदेश पाठवून नंबर पुन्हा पडताळल्याशिवाय ती चालत नाहीत. तेवढं मात्र तसंच असावं.

इतकं सगळं ऐकून एखादा तरुण वाचक म्हणेल, मांडणी हवीच कशाला? वर शोधपट्टी आहे, नाव टाका, ॲप समोर. ॲपलनं तर 2020 मध्ये आयओएस 14 पासून ॲप लायब्ररीच दिली, सारी ॲप आपोआप गटांत लागतात. हा युक्तिवाद ज्यांचे अंगठे इंग्रजी कळफलकावर पळतात त्यांच्यापुरता ठीक आहे. माझ्या ओळखीतल्या पुष्कळ लोकांना ॲपचं नाव वाचायची गरजच पडत नाही. जांभळं ते पैशाचं, हिरवं ते व्हॉट्सॲप, आणि उजवीकडे खालून दुसरं ते पिकाचं. 2020 मध्ये गुगलनं जीमेल, ड्राइव्ह, मीट, कॅलेंडर अशा सगळ्यांना तेच चार रंग फासले तेव्हा रंगाची खूणही गेली. उरली ती जागा.

‘सीएचआय’ या संगणकशास्त्राच्या परिषदेत 2013 मध्ये माथियास ब्योमर आणि अँटोनियो क्र्यूगर या जर्मन संशोधकांनी नेमका हाच विषय मांडला होता. स्मार्टफोन वापरणाऱ्यांच्या होम स्क्रीनची चित्रं गोळा करून लोक चिन्हं कशी लावतात हे त्यांनी पाहिलं. कोणी वापरानुसार लावतो, कोणी एकसारखी कामं एकत्र ठेवतो, कोणी अंगठा पोचेल तिथं, आणि कोणी नुसतं छान दिसतं म्हणून. प्रत्येकाची काही एक पद्धत असते. म्हणजे पसारा वाटणाऱ्या फोनातही हिशेब असतो, फक्त तो दुसऱ्याला दिसत नाही.

दृष्टी नसलेल्यांच्या बाबतीत तर हा वादच उरत नाही. आयफोनचं व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडचं टॉकबॅक, दोन्ही 2009 पासून आहेत. बोट पडद्यावर फिरवलं की खाली काय आहे ते फोन बोलून सांगतो. जागा पाठ असेल तर बोट थेट तिथं जातं. नसेल तर प्रत्येक पानावरचं प्रत्येक चिन्ह ऐकत बसावं लागतं. अशा माणसाचा फोन बदलताना मांडणी मोडणं म्हणजे त्याला पुन्हा पहिल्या दिवसापासून शिकायला लावणं.

शेतकऱ्यांकडे येऊ. 15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या पेऱ्याची नोंद शेतकऱ्यानं स्वतः, बांधावर उभं राहून, फोटोसकट करायची. नोंद ठरलेल्या मुदतीतच व्हावी लागते. पुढे डीसीएस असं नाव जोडलेली नवी आवृत्ती आली. 2025 च्या हंगामापासून हमीभावानं ‘सीसीआय’ या सरकारी कापूस महामंडळाला कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आली. विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’, पीक विम्याचं वेगळं, पीएम किसानचं वेगळं. एवढी ॲप सरकारनंच शेतकऱ्याच्या फोनात घातली आहेत. ती वर्षातून दोन-चारदाच उघडायची असतात, म्हणून नावं लक्षात राहत नाहीत, जागा राहतात. हंगामाच्या ऐन मधे फोन फुटला आणि नव्यात जुनी-नवी दोन ‘पीक पाहणी’ एकमेकांजवळ येऊन बसली, की तो नेमका जुनी उघडतो. मग तलाठ्याकडे फेरी.

अंगणवाडी सेविकांनी तर फोनबदलाचा याहून मोठा घोळ सोसला आहे. 2019 मध्ये सरकारनं राज्यभर सुमारे एक लाख फोन वाटले, त्यावर आधी एक ॲप चालत होतं. मार्च 2021 पासून त्याच्या जागी ‘पोषण ट्रॅकर’ आलं. दोन जीबी रॅमच्या फोनांना ते झेपेना, भाषा इंग्रजी, आणि ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. अनेकींनी मग स्वतःच्या घरच्या फोनावर काम केलं. म्हणजे लेकराचा अभ्यास, घरचं फोनपे आणि पाड्यावरच्या मुलांची वजनं, सारं एकाच पडद्यावर. तिथं फोल्डर करून काम वेगळं ठेवणं ही चैन नव्हती.

गंमत अशी, की मांडणी बाहेरून ठरवून फोनात बसवण्याचं तंत्र केव्हाच तयार आहे. आयफोनला 2016 च्या आयओएस 9.3 पासून संस्थेच्या ताब्यातल्या फोनांवर होम स्क्रीनची ठरावीक मांडणी एका फायलीतून पाठवता येते. शाळा आणि कंपन्या ते वापरतात. हजार फोनांवर एकसारखी मांडणी क्षणात बसते, आणि एकट्या माणसाला कंपनी बदलली की स्वतःची मांडणी एका फोनवरून दुसऱ्यावर नेता येत नाही.

कायद्याकडे पाहावं तर तिथंही जागा रिकामी. मोबाईल नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा हक्क देशभर 20 जानेवारी 2011 पासून मिळाला, तेव्हाही कंपन्या म्हणत होत्या की अवघड आहे. 2019 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकात आपली माहिती एका सेवेकडून दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क होता. ते विधेयक 2022 मध्ये मागे घेतलं गेलं आणि ऑगस्ट 2023 च्या नव्या कायद्यातून हा हक्क गळाला. होम स्क्रीनची यादी त्या हक्कात बसली असती की नाही यावर वकील भांडले असते. निदान भांडायला कलम तरी असतं.

असं कलम येईपर्यंत आपल्या हातात जे आहे ते करावं. सगळ्यात भरवशाचा उपाय सगळ्यात अडाणी वाटणारा आहे. जुना फोन देण्यापूर्वी होम स्क्रीनच्या प्रत्येक पानाचा आणि प्रत्येक उघड्या फोल्डरचा स्क्रीनशॉट काढा आणि तो स्वतःच्याच व्हॉट्सॲपवर किंवा घरच्या कोणाला तरी पाठवून ठेवा. कंपनी कोणतीही असो, नेट असो-नसो, त्या चित्राकडे पाहून मांडणी अर्ध्या तासात परत बसते. ज्यांना कंपनी बदलत राहायची आहे त्यांनी स्वतंत्र लाँचर वापरून पाहावा. 2011 पासूनचा नोव्हा लाँचर याच सोयीसाठी नावाजला: मांडणीची एक फाइल करून देतो, ती फाइल नव्या फोनात नेली की कंपनी कोणतीही असली तरी पडदा जुळतो. पण असा लाँचर म्हणजेही कोणाची तरी कंपनीच. नोव्हा 2022 मध्ये विकला गेला आणि पुढे त्याचा मूळ कर्ताही बाहेर पडला. ज्यांना असली कटकट नको त्यांनी स्क्रीनशॉटवरच राहावं.

दुकानात गेल्यावर घाई करू नका. सुरुवातीला फोन विचारतो, ॲप आणि माहिती आणायची का, तिथं ‘नंतर’ दाबलं तर अनेक फोनांत ती पायरी पुन्हा गाठायला सारा फोन पुसावा लागतो. जुन्या खात्याचा पासवर्ड आणि जुन्या फोनचा पिन घरून निघतानाच कागदावर घ्या आणि काम झालं की तो कागद फाडा. सॅमसंग किंवा शाओमी असेल तर क्लाउडमध्ये होम स्क्रीनपुढची खूण तपासा. मांडणी बसली की सॅमसंग आणि रेडमीत ती ‘लॉक’ करण्याची सेटिंग आहे, घरात लहान मूल असेल तर ती लावाच.

दुकानदारांनाही एक सांगणं आहे. काच बसवायचे, कव्हराचे पैसे तुम्ही घेता. मांडणी लावून द्यायचे पन्नास रुपये घेतलेत तरी कोणी कुरकुर करणार नाही. आई-वडिलांना नवा फोन पाठवणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मुलांनी तर एवढं करावंच: फोन पाठवायच्या आधी व्हिडिओ कॉलवर त्यांचा जुना पडदा पाहून घ्या, आणि सुट्टीत गावी आलात की नवी ॲप दाखवण्याआधी जुनी होती त्या जागी लावून द्या.